स्कॉटलंडमध्ये नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी: माणसं, मुलूख आणि रीतीभाती

एडिनबरा, ग्लासगो, अ‍ॅबरडीन, डंडी या शहरांत शिकायला किंवा नोकरीला येणारी मराठी मंडळी आता दरवर्षी भेटतात. व्हिसा आणि बँक खात्याची माहिती त्यांनी आधीच पाठ केलेली असते. अडतं ते माणसांपाशी. जिन्यात भेटलेला शेजारी काय बोलला ते कळत नाही. लग्नाचं आमंत्रण येतं, पण कितीला जायचं आणि काय घालायचं ते कुणाला विचारावं हा प्रश्न पडतो. ऑफिसात कुणी चेष्टा करतं आणि ती मनाला लागते. मी इथं राहून हे एकेक करत शिकले. माझा अनुभव असा, की नुसत्या बघ्याशी इथली माणसं गोड बोलतात आणि पुढे जातात. जो त्यांच्याबरोबर नाचायला, गायला, डोंगर चढायला उतरतो त्याला मात्र पटकन आपल्यात घेतात. पहिल्या वर्षातच तुम्हाला असं उतरता यावं, या हिशेबानं खालच्या पायऱ्या लावल्या आहेत.

१. आधी मुलूख समजून घ्या

आपल्याकडे सरसकट सगळ्या बेटाला इंग्लंड म्हणायची सवय आहे. ती विमानात बसण्याआधीच मोडा. स्कॉटिश माणसाला इंग्लिश म्हटलेलं खपत नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक झाला, देश दोनच राहिले. १७०७ मध्ये दोन्ही पार्लमेंट एकत्र आली, तरी कायदा, न्यायालयं, शिक्षण आणि चर्च स्कॉटलंडनं स्वतःकडे ठेवलं. १९९९ पासून एडिनबऱ्यात पुन्हा स्वतंत्र पार्लमेंट भरतं.

याचा तुमच्या रोजच्या जगण्याशी थेट संबंध आहे. आरोग्यसेवा, शाळा, घरभाड्याचा कायदा, आयकराचे दर, एवढंच काय, दुकानात दारू मिळण्याची वेळसुद्धा इथं वेगळी आहे. लंडनच्या मित्रानं सांगितलेलं इथं लागू होईलच असं नाही. सरकारी माहिती वाचताना ती स्कॉटलंडची आहे की इंग्लंडची, हे पानाच्या सुरुवातीलाच तपासा. नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. त्यातले बहुतेक ग्लासगो ते एडिनबरा या मधल्या पट्ट्यात राहतात. उत्तर-पश्चिमेला डोंगराळ हायलँड्स, दक्षिण आणि पूर्वेला लोलँड्स, आणि बाहेर हेब्रिडीज, ऑर्कनी, शेटलंड ही बेटं. क्लॅन म्हणजे कुळांची पद्धत प्रामुख्यानं हायलँड्सची. म्हणून भेटेल त्याला ‘तुमचं क्लॅन कोणतं’ असं विचारू नका. ऑर्कनी आणि शेटलंड पंधराव्या शतकापर्यंत नॉर्वेच्या राजाकडे होते. तिथल्या लोकांना आपला वेगळेपणा जपायला आवडतो.

आपलाही या देशाशी जुना संबंध आहे, आणि तो साधासुधा नाही. पुण्याचा रेसिडेंट (पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन डम्बार्टनचा. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा जॉन माल्कम लँगहोमजवळचा. मराठ्यांच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिणारा ग्रँट डफ बॅन्फचा, आणि ज्यांच्या नावानं मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन लॉडरचे. इथं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. योग्य वेळी सांगा. लोक मन लावून ऐकतात.

२. निघण्यापूर्वी

कागद: पासपोर्ट, ई-व्हिसाचं खातं उघडण्याचे तपशील, विद्यापीठाचं किंवा नोकरीचं पत्र, लसीकरणाच्या नोंदी, चालू औषधांची डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, आणि भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स. त्यावर इथं आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते.

वस्तू: सपाट तळव्याचे, पायात घट्ट बसणारे बूट, लग्नासमारंभाला घालता येईल असा एक चांगला देशी पोशाख, आणि एकावर एक घालायचे पातळ कपडे. जाड जॅकेट भारतातून आणू नका. इथं येऊन टोपीवालं वॉटरप्रूफ घ्या. छत्री वाऱ्यात उलटी होते, तिच्यावर पैसे घालवू नका.

अंधाराची तयारीही करून या. डिसेंबरात एडिनबऱ्याला पावणेचारच्या आसपास सूर्य मावळतो. शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा, असा इथल्या सरकारचा सर्वांना सल्ला आहे, आणि गव्हाळ-सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर. जूनमध्ये याच्या उलट, रात्री दहानंतरही उजेड असतो. जाड पडदे लागतात.

३. पहिल्या पंधरवड्यातली कामं

• घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. स्कॉटलंडमध्ये चिठ्ठीवरची औषधं २०११ पासून मोफत आहेत, डोळ्यांची तपासणीही मोफत. सर्दी-खोकला, पुरळ अशा किरकोळ तक्रारींसाठी आधी औषधाच्या दुकानात जा; तिथला फार्मासिस्ट तपासून औषध देतो.

• घर घेताना मालकाचा नोंदणी क्रमांक मागा. अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घेतलेली रक्कम ३० कामकाजाच्या दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. भाडेकरूकडून एजन्सीची फी घेणं इथं बेकायदा आहे. कुणी मागितली तर देऊ नका.

• घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, माफ असतो. पण तो आपोआप माफ होत नाही, तसं काउन्सिलला कळवावं लागतं. कळवलं नाही तर बिल येतं, मग नोटिसा येतात.

• वय २२ पेक्षा कमी असेल तर मोफत बसप्रवासाचं कार्ड काढा. देशभरातल्या जवळजवळ सगळ्या बसगाड्यांना ते चालतं.

• मतदार यादीत नाव घाला. कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांना १६ वर्षांपासून स्कॉटिश पार्लमेंट आणि स्थानिक काउन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे १८ वर्षांनंतर आपल्याला वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत आहे. आपल्या लोकांपैकी बहुतेकांना हे माहीतच नसतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

नोटांबद्दल एक सूचना. इथं बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल या तीन बँका आपापल्या नोटा छापतात. त्या पूर्णपणे खऱ्या असतात, पण इंग्लंडमधला एखादा दुकानदार घ्यायला कुरकुर करतो. लंडनला किंवा भारतात जाण्याआधी त्या खर्चून टाका.

४. कान तयार करा

इथं तीन भाषा आहेत: इंग्रजी, स्कॉट्स आणि गॅलिक. स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण, लोलँड्समध्ये वाढलेली. गॅलिक वेगळ्याच, केल्टिक कुळातली. ती पश्चिमेकडच्या बेटांवर अजून बऱ्याच घरांत बोलली जाते. २०२५ मध्ये पार्लमेंटनं कायदा करून दोन्हींना अधिकृत दर्जा दिला. स्कॉट्सला ‘बिघडलेलं इंग्रजी’ म्हणू नका. पूर्वी शाळांतून मुलांना ती बोलल्याबद्दल मार बसत असे आणि तो सल वयस्कर लोकांच्या मनात अजून आहे.

रोज कानावर पडणारं थोडं सांगते. ‘आय’ म्हणजे हो. ‘वी’ म्हणजे छोटं, आणि ते प्रेमानं कशालाही लावतात. ‘केन’ म्हणजे माहीत असणं, ‘बेर्न’ म्हणजे लेकरू. ‘ड्रीख’ म्हणजे कुंद, ओलसर, कंटाळवाणी हवा. ‘कुठे स्टे करतोस’ असं विचारलं तर घर कुठे आहे ते सांगा. किती दिवस मुक्काम आहे असं ते विचारत नाहीयेत. ‘मेसेजेस’ आणायला गेली म्हणजे किराणा आणायला गेली. ‘टी’ला बोलावलं तर बऱ्याचदा ते संध्याकाळचं जेवण असतं, म्हणून पोट रिकामं ठेवून जा. ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच. ऑफिसच्या पत्रात ‘आउटविथ’ दिसलं तर ती चूक समजू नका, ‘बाहेर’ या अर्थाचा तो इथला नेहमीचा शब्द आहे.

गावांची नावं लिहिल्याप्रमाणे वाचली तर कंडक्टरला कळणार नाहीत. एडिंबर्ग नव्हे, एडिनबरा. स्पेलिंगवरून ‘मिल्नगावी’ वाटतं ते मलगाय, ‘कर्ककाल्डी’ वाटतं ते कर्कॉडी, आणि ‘इस्ले’ बेट म्हणजे आयला. तिकीट काढण्याआधी एकदा कुणाला तरी विचारून घ्या.

कौतुकाची तऱ्हाही ओळखा. ‘नॉट बॅड’ ही इथली भरघोस शाबासकी आहे. लांबवून उच्चारलेलं ‘आय, राइट’ म्हणजे ‘अजिबात पटलं नाही’. आणि चेष्टा! इथं ओळख वाढली की थट्टा वाढते. तुमच्या कामाला, टोपीला, क्रिकेटला कुणी चिडवू लागलं तर बहुधा तुम्ही गटात आलात. परत चिडवा. ज्याच्याशी फक्त सभ्यपणे बोललं जातं तो अजून पाहुणा असतो. थट्टा रंगावर किंवा देशावर गेली तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. तसं घडलं की बाजूचे लोकही तुमच्या बाजूनं बोलतात, हे मी पाहिलं आहे.

५. जिना आणि शेजार

शहरांतले जुने दगडी चाळवजा इमले म्हणजे टेनेमेंट. सगळ्यांचा जिना एकच. एडिनबऱ्यात त्याला स्टेअर म्हणतात, ग्लासगोत क्लोज. पत्त्यात ‘२एफ१’ असं असलं तर दुसऱ्या मजल्यावरचा पहिला फ्लॅट. ग्लासगोत तेच ‘२/१’ असं लिहितात. कुरिअरवाल्याला हे न कळवल्यामुळे पार्सलं परत जातात.

काही इमल्यांत जिना धुण्याची पाळी असते. पाळीची पाटी दाराच्या मुठीला अडकवलेली दिसली तर त्या आठवड्यात जिना तुमचा. धुऊन झाला की पाटी पुढच्या दाराला लावायची. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात समोरचं दार वाजवून ही पद्धत विचारून घ्या. त्या निमित्तानं ओळख होते आणि कचऱ्याचे दिवसही कळतात. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणणं इथं नियमासारखं आहे. जो म्हणत नाही तो लक्षात राहतो.

६. ताटात काय आहे ते विचारा

शाकाहाऱ्यांसाठी खास: मसूरडाळीचं लेंटिल सूप पाहून निश्चिंत होऊ नका. पारंपरिक पद्धतीत ते डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजतं. स्कॉच ब्रॉथही मटणाच्या किंवा बीफच्या पाण्यात होतं. काही दुकानांत बटाट्याचे चिप्स (वेफर्स नव्हे, जाड फ्राइज) बीफच्या चरबीत तळतात. विचारलं तर कुणी रागावत नाही, नीट उत्तर देतात. हॅगिस हा इथला प्रसिद्ध मांसाहारी पदार्थ, पण शाकाहारी हॅगिस मात्र जवळजवळ सगळीकडे मिळतं आणि ते खरंच चविष्ट असतं. गोडात टॅब्लेट चाखा: साखर, लोणी आणि आटवलेल्या दुधाची रवाळ वडी.

७. वर्षाचे दोन मोठे दिवस

पहिला ३१ डिसेंबर, हॉगमने. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर इथल्या चर्चनं ख्रिसमस नाकारला. १९५८ पर्यंत ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टीही नव्हती. त्यामुळे सगळा उत्साह वर्षअखेरीच्या रात्रीत ओतला गेला. २ जानेवारीलाही सुट्टी असते, ती ब्रिटनमध्ये फक्त स्कॉटलंडला.

मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडणारा पहिला माणूस वर्षाचं नशीब आणतो, अशी समजूत आहे. तो काळ्या केसांचा असावा. सोनेरी केसांचे लोक दारात आले म्हणजे व्हायकिंगांची धाड, या जुन्या भीतीशी याचा संबंध जोडतात. तेव्हा तुम्हाला बाराच्या ठोक्याआधी बाहेर उभं केलं आणि मग दार उघडून आत घेतलं तर गोंधळू नका, तो मान आहे. रिकाम्या हातानं आत जायचं नाही. कोळशाचा तुकडा, शॉर्टब्रेड, मीठ किंवा व्हिस्की, काहीतरी द्यायचं.

दुसरा २५ जानेवारी, कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. बर्न्स १७५९ मध्ये अ‍ॅलोवे इथं, शेतकऱ्याच्या घरात जन्मला. त्या रात्रीच्या जेवणाला बर्न्स सपर म्हणतात. आधी छोटी प्रार्थना, मग बॅगपाइप वाजवत हॅगिस आत आणतात, सगळे उभे राहतात. यजमान हॅगिसला उद्देशून बर्न्सची कविता म्हणतो आणि ठरलेल्या ओळीला सुरी खुपसून ते उघडतो. मेंढीचं हृदय, यकृत, फुप्फुस यांत ओट्स, चरबी, कांदा, मिरपूड घालून हे शिजवलेलं असतं. घरी वजडी आवडीनं खाणाऱ्याला ते परकं वाटणार नाही. बरोबर कुस्करलेला बटाटा आणि सलगम. मग भाषणं, गाणी, कविता.

शेवटी सगळे हात धरून ‘ऑल्ड लँग साइन’ गातात. इथं एक खूण लक्षात ठेवा: हात छातीवर आडवे टाकायचे ते शेवटच्या कडव्याला. नवखा माणूस पहिल्यापासूनच टाकून उभा राहतो. त्या रात्री कुणी ‘तुमच्याकडचं काही म्हणा’ असा आग्रह केला तर तुकोबांचा एखादा अभंग म्हणा आणि दोन वाक्यांत अर्थ सांगा. दांभिकांवर कोरडे ओढणारा, शेती जाणणारा कवी त्यांना लगेच कळतो.

८. केइली: नाचायला उतरा

लग्न असो, कॉलेजचा मेळावा असो, गावाचा निधी जमवायचा असो, केइली असतेच. फिडल, अ‍ॅकॉर्डियन, ड्रम आणि ठरलेले सामूहिक नाच. हे नाच मुलं शाळेतच, पीटीच्या तासाला शिकतात, म्हणून सगळ्यांना येतात. आपल्याला येत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. बँडबरोबर एक जण पायऱ्या मोठ्यानं सांगत असतो. नाच सुरू होण्यापूर्वी तो एकदा सावकाश करून घेतो. तेवढा वेळ बोलू नका, फक्त ऐका.

सुरुवात गे गॉर्डन्सनं करा. जोड्या मोठ्या गोलात, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. चार पावलं पुढे, जागीच वळायचं, आणि त्याच दिशेनं चार पावलं मागे. मग हेच उलट बाजूनं. त्यानंतर एक जण हात वर धरतो, दुसऱ्यानं त्याखाली गिरक्या घ्यायच्या, आणि शेवटी दोघांनी धरून गोलात घुमायचं. चुकतं ते ‘त्याच दिशेनं मागे’ इथं. बहुतेक नवखे वळल्यावर पुढे चालतात आणि मागच्या जोडीवर आदळतात.

स्ट्रिप द विलो हा सगळ्यात वेगवान. त्यात एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून घुमायचं असतं. बोटं धरू नका, मुरगळतात. काचेच्या बांगड्या आधी काढून पर्समध्ये ठेवा, हे मी प्रत्येक मैत्रिणीला सांगते. पाचवारी नेसली असेल तर पदर घट्ट खोचा. नऊवारी असेल तर फारच सोयीचं. टाचांचे बूट नकोत. जोडीदार नसला तरी बसून राहू नका. डॅशिंग व्हाइट सार्जंट तिघातिघांचा असतो, त्यात तिसरा माणूस नेहमी हवाच असतो.

लग्नपत्रिका नीट वाचा. पुष्कळदा आमंत्रण फक्त संध्याकाळचं असतं, म्हणजे विधी आणि जेवण धरून नाही, केइलीपासून पुढे. त्यात अपमान काही नाही. सांगितलेल्या वेळी पोचा.

९. किल्ट घालायचा तर

किल्ट म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार पोशाख. आपण घातला तर त्यांना राग येईल का, असं मुलगे विचारतात. येत नाही, उलट आनंद होतो. अमुक पट्ट्यांचं टार्टन (किल्टचं चौकडीचं कापड) अमुक आडनावानंच घालावं असा कायदा नाही. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडर हरले आणि त्यांच्या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज किल्ट घालून एडिनबऱ्यात आला आणि पूर्वी डोंगरातल्यांचा असलेला हा वेश साऱ्या देशाचा झाला. बंदी सोसलेला पोशाख आहे, म्हणून त्याला स्कर्ट म्हणू नका आणि आत काय घातलंय हे विचारू नका.

विकत महाग पडतो, भाड्यानं घ्या. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजतात, पँटच्या मापानं नाही. चुण्या मागे, सपाट भाग पुढे, झालरीची कड उजवीकडे. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर यावी. पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदर एकत्र टोचले तर कापड ओढून फाटतं. मोज्यात खोचायची छोटी सुरी, स्कियन डू, पोशाखाचा भाग म्हणून चालते, पण विमानतळावर हातसामानात ठेवू नका.

१०. जिथं आधी ऐकायचं

ग्लासगोत ‘तुमचा संघ कोणता’ हा साधा प्रश्न नाही. तिथले दोन मोठे फुटबॉल क्लब म्हणजे सेल्टिक आणि रेंजर्स. सेल्टिकची मुळं आयरिश कॅथलिक वस्तीत, रेंजर्सचा पाठीराखा वर्ग परंपरेनं प्रोटेस्टंट. सामन्याच्या दिवशी हिरव्या-पांढऱ्या किंवा निळ्या जर्सीत अनोळखी पबमध्ये शिरू नका. ब्रिटनपासून स्वातंत्र्याचा विषयही तसाच. २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के लोकांनी ‘नको’ आणि ४५ टक्के लोकांनी ‘हवं’ म्हटलं. एकाच घरात दोन्ही मतं सापडतात. त्यांचं म्हणणं विचारा, आपला निकाल सुनावू नका.

दुःखाच्या प्रसंगाचीही एक रीत माहीत असू द्या. दफन असेल तर शवपेटी खाली सोडायच्या दोऱ्या जवळच्या माणसांना देतात. हातात क्रमांक लिहिलेलं छोटं कार्ड दिलं, तर त्या क्रमांकाची दोरी तुम्ही धरायची आहे. परक्या माणसाला हे सहसा मिळत नाही. नाही म्हणू नका. नंतरच्या चहा-जेवणाला सगळ्यांनी जायचं असतं, तिथून परस्पर निघून जाऊ नका.

११. डोंगरात जाण्याआधी

सह्याद्रीत भटकलेल्यांना इथं स्वर्ग आहे. २००३ च्या कायद्यानं बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर जबाबदारीनं चालण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, मालक कुणीही असो. ३००० फुटांवरच्या शिखरांना मन्रो म्हणतात, ती २८२ आहेत. सर्वांत उंच बेन नेव्हिस, १,३४५ मीटर. कळसूबाईपेक्षा कमी, म्हणून हलक्यात घेऊ नका. वर चहाची टपरी नाही, कडेला गाव नाही, आणि हवा तासाभरात पालटते.

सोबत हवं: कागदी नकाशा आणि होकायंत्र, हेडटॉर्च, वॉटरप्रूफ वरचं-खालचं, शिट्टी, जास्तीचं खाणं. उन्हाळ्यात पश्चिमेला मिज नावाच्या चिलटांचे थवे असतात, चेहऱ्याची जाळी घ्या. घरी आल्यावर गोचीड चिकटली नाही ना ते अंगभर तपासा, तिच्यामुळे लाइम रोग होतो. आइस अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) वापरता येत नसतील तर हिवाळ्यात उंच शिखरांवर जाऊच नका.

अडकलात तर ९९९ लावा, आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. स्वयंसेवकच येतात आणि पैसे घेत नाहीत. रेंज कमी असते तेव्हा मेसेजनंही मदत मागता येते, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी करावी लागते: ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ वर पाठवा आणि उत्तरात येईल तसं करा. हे घरूनच, निघण्याच्या आदल्या रात्री उरकून घ्या.